विश्लेषण : गोवेकर व्यापाऱ्याच्या मुलाने केनियाचे उपाध्यक्षपद का सोडले?

केनियाचे दुसरे उपाध्यक्ष जोसेफ मुरुंबी जेमतेम आठ महिने पदावर राहिले आणि १९६६ अखेर स्वतःहून बाजूला झाले. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत असे उदाहरण विरळाच.

मुरुंबी मूळचे कोण?

जन्म १९११, केनियातील एल्डामा रविन येथे. वडील पीटर झुझार्ते हे गोव्याचे, आई मसाई. शिक्षणासाठी लहानपणीच त्यांची रवानगी भारतात झाली. बंगळूरु, बल्लारी भागात त्यांची जवळपास सोळा वर्षे गेली. केनियात तेव्हा युरोपीय, आशियाई, आफ्रिकी अशी उतरंड होती. वडिलांच्या नावाने आशियाई म्हणून वरची पायरी मिळत असतानाही त्यांनी आईकडचे मुरुंबी हे नाव लावले.

राजकारणात कसे आले?

मित्र पियो गामा पिंटो यांच्यामुळे. पिंटोही गोवेकर कुटुंबातले. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी लागू होऊन जोमो केन्याटा तुरुंगात गेले आणि केनिया आफ्रिकन युनियनचे काळजीवाहू सरचिटणीसपद मुरुंबींकडे आले. पुढच्याच वर्षी पाठिंबा मिळवण्यासाठी ते भारतात, तिथून कैरोला आणि मग लंडनला गेले. तिथे जवळपास नऊ वर्षे काढली. वसाहतविरोधी चळवळीचे काम आणि पोटासाठी मोरोक्कोच्या दूतावासात नोकरी, असा तो काळ. परराष्ट्रमंत्री होण्याची त्यांची खरी तालीम हीच म्हणावी लागेल. १९६२ मध्ये ते परतले, १९६३ मध्ये खासदार झाले, १९६४ मध्ये परराष्ट्र खाते मिळाले.

मग बिनसले कुठे?

फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत पिंटोंची घरासमोरच गोळ्या घालून हत्या झाली. मुरुंबींना हा घाव कधीच विसरता आला नाही. सत्ताधाऱ्यांमध्ये जमिनींसाठी सुरू झालेली चढाओढही त्यांना रुचत नव्हती. ओडिंगा यांच्या राजीनाम्यानंतर, मे १९६६ मध्ये केन्याटांनी त्यांना उपाध्यक्ष केले. वर्ष संपण्याआधी ते गेले; जाहीर कारण प्रकृतीचे.

पुढे काय केले?

पुस्तके, टपाल तिकिटे, आफ्रिकी कलावस्तू जमवल्या. १९७२ मध्ये अ‍ॅलन डोनोव्हन यांच्यासह ‘आफ्रिकन हेरिटेज’ हे कलादालन काढले. परदेशी ग्राहक तयार असूनही संग्रह केनिया सरकारलाच विकला. त्यातील बराचसा भाग आज नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. ती इमारत पूर्वी बँक ऑफ इंडियाची होती. मुथैगातील त्यांच्या घरात अभ्याससंस्था व्हायची होती. ती झाली नाही, घर मात्र पाडले गेले.

१९९० मध्ये त्यांचे निधन झाले. नैरोबीच्या सिटी पार्कमध्ये, पिंटोंच्या कबरीजवळ, त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन झाले.