बाबूरावांचे दोन कॅमेरे

कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांना चित्रपट काढावयाचा होता. पण कॅमेरा नव्हता. आपले आप्त आनंदराव यांच्यासह त्यांनी तो स्वतःच घडविण्यास आरंभ केला. काम सोपे नव्हते. प्रत्येक चित्रासाठी फीत क्षणभर थांबून मगच पुढे सरकावी लागते. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तरीही बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा सिद्ध केला. त्यावर टिपलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात झळकला.

यश लाभल्यावर मात्र त्यांनी बेल अँड हॉवेल हा अमेरिकन कॅमेरा घेतला. स्वहस्ते घडविलेले यंत्र बाजूला ठेवणे कारागिराला किती जड जात असेल! पुढे ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला.