पीओ देल रीओ ओर्तेगा: मेंदूत मागे चालणाऱ्या पेशी शोधणारा माणूस

फोनची बॅटरी भराभर उतरायला लागली की आपण काय करतो? सेटिंगमध्ये जाऊन बघतो, कोण खातंय ती. बऱ्याचदा समोर उघडलेलं अ‍ॅप निर्दोष असतं आणि मागे गुपचूप चाललेलं काहीतरी सापडतं. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, माझा अर्धा दिवस अशाच शोधात जातो.

मेंदूतही असं मागे चालणारं बरंच काही आहे. न्यूरॉन आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण मेंदूत साधारण न्यूरॉनइतक्याच ग्लिया नावाच्या आधार देणाऱ्या पेशी असतात. 'ग्लिया' म्हणजे डिंक. न्यूरॉनना चिकटवून ठेवणारा मसाला, एवढीच त्यांची किंमत बराच काळ होती. ती समजूत मोडणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्पेनचे पीओ देल रीओ ओर्तेगा.

गावातला डॉक्टर, राजधानीतली प्रयोगशाळा

ओर्तेगांचा जन्म १८८२ चा, वायादोलिदजवळच्या पोर्तियो या छोट्या गावातला. डॉक्टर झाल्यावर काही काळ त्यांनी गावातच प्रॅक्टिस केली. पण मन रमत होतं मायक्रोस्कोपमध्ये. मग ते माद्रिदला निकोलास आचूकारो यांच्याकडे शिकायला गेले.

तेव्हा माद्रिदमध्ये या विषयातलं सर्वांत मोठं नाव होतं सांतियागो रामोन इ काहाल, १९०६ चे नोबेल विजेते. मेंदूचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. पेशी दिसायला त्याला रंग द्यावा लागतो. काहालनी १९१३ मध्ये सोन्याचा क्षार वापरून ताऱ्यासारख्या ग्लिया पेशी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट, सुंदर रंगवल्या. पण काही पेशी उरल्याच. त्यांचं नुसतं केंद्र दिसायचं, फांद्या नाहीत. काहालनी त्यांना 'तिसरा घटक' म्हटलं.

१९१८ मध्ये आचूकारो ऐन तारुण्यात वारले. त्याच वर्षी ओर्तेगांनी चांदीच्या कार्बोनेटची नवी रंगपद्धत बसवली आणि त्या उरलेल्या पेशींना फांद्या दिसल्या! १९१९ मध्ये त्यांनी एका प्रकाराला मायक्रोग्लिया नाव दिलं. मेंदूला इजा झाली की या पेशी फांद्या आखडून घेतात, गोल होतात, सरकत तिथे जातात आणि कचरा गिळतात, हेही त्यांनी मांडलं. दुसऱ्या प्रकाराला त्यांनी पुढे ऑलिगोडेंड्रोग्लिया म्हटलं.

गुरूशी बिनसलं

काहालना हे सहज पटलं नाही. या पेशी आधीच एका स्कॉटिश संशोधकाने पाहिल्या होत्या, असं त्यांचं म्हणणं. त्यात प्रयोगशाळेतली भांडणं आणि कानभरणी. १९२० मध्ये ओर्तेगांना तिथून बाहेर काढलं गेलं. त्यांनी माद्रिदमध्येच दुसरीकडे छोटी प्रयोगशाळा थाटली. १९२४ मध्ये वाइल्डर पेनफिल्ड हा पुढे जगप्रसिद्ध झालेला मेंदूचा सर्जन हीच पद्धत शिकायला त्यांच्याकडे आला. नोबेलसाठी ओर्तेगांचं नाव दोनदा सुचवलं गेलं, मिळालं नाही.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि देश सुटला. आधी पॅरिस, मग ऑक्सफर्ड, शेवटी ब्यूनोस आयर्स. मेंदूच्या गाठींवर काम करणारा हा माणूस १९४५ मध्ये परदेशातच कॅन्सरने गेला. त्यांचे अवशेष मायदेशी आणले गेले ते खूप वर्षांनी.

आज हे का वाचायचं?

कॉलेजात माझा रूममेट महिनोन्महिने खोलीबाहेर पडत नव्हता. आम्ही सगळे सांगायचो, ऊठ, फिरून ये, मन घट्ट कर. मीही तेच सांगत होतो. डॉक्टरकडे न्यायचं सुचलं ते फार उशिरा. सुदैवाने तो बरा झाला.

नंतर वाचताना कळलं, १९९० च्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी तीव्र नैराश्य असलेल्या मृत व्यक्तींचे मेंदू तपासले, तेव्हा कपाळामागच्या भागात ग्लिया पेशी कमी दिसल्या. २००८ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात आत्महत्येने गेलेल्यांच्या मेंदूत मायक्रोग्लिया जास्त दाट आढळल्या. २०१५ मध्ये टोरोंटोच्या टीमने जिवंत रुग्णांचं स्कॅन केलं. त्यातही मायक्रोग्लिया खवळल्याची, म्हणजे मेंदूत सूज असल्याची खूण दिसली.

हे कारण आहे की परिणाम, ते अजून ठरलेलं नाही. प्रत्येक रुग्णात असंच असतं असंही नाही. यावरून कोण आत्महत्या करेल हे सांगता येत नाही. पण एक गोष्ट नक्की: नैराश्यात शरीरात काहीतरी खरंच घडत असतं. तो आळस नाही, नाटक नाही. मलेरिया झालेल्याला आपण मन घट्ट कर म्हणतो का?

काहालच्या रंगात त्या पेशींच्या फांद्या दिसत नव्हत्या, म्हणून त्या नव्हत्या असं नाही. रूममेटच्या बाबतीत माझंही तेच झालं. दिसत नव्हतं, म्हणून मी नाही म्हणालो.

तुम्हाला किंवा तुमच्या मित्राला जगणं नको वाटत असेल, तर आजच कोणाशी तरी बोला. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, मित्रांनो.