मेहली मेहता

मेहली मेहता (२५ सप्टेंबर १९०८ – १९ ऑक्टोबर २००२) हे पाश्चात्त्य अभिजात संगीतातील भारतीय व्हायोलिनवादक व वाद्यवृंदसंचालक होते. मुंबईतील पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विख्यात संचालक झुबिन मेहता हे त्यांचे थोरले पुत्र. पुत्राच्या कीर्तीमुळे पित्याचे कार्य काहीसे झाकोळले गेले.

सिंफनी सादर करण्यास तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये व तालवाद्ये वाजवणारे अनेक कुशल वादक एकत्र असावे लागतात. मुंबईत अशा वादकांची वानवा होती. तरीही १९३५ मध्ये मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. त्यात गोमंतकीय वादकांचा मोठा वाटा होता. १९४० मध्ये त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट हे चतुष्क सुरू केले. घरी चालणाऱ्या तालमी ऐकतच झुबिन वाढले.

१९४५ मध्ये, वयाच्या सदतिशीत, पत्नी व दोन लहान मुलांना मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला गेले आणि इव्हान गॅलामियन यांच्याकडे शिकले. परतल्यावर त्यांनी पुन्हा मुंबईचा वाद्यवृंद सांभाळला; परंतु संगीतावर चरितार्थ चालवण्यासाठी अखेर देश सोडावा लागला. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात व नंतर फिलाडेल्फियात त्यांनी वादन केले.

१९६४ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापन केली व तीन दशकांहून अधिक काळ तिचे संचालन केले. उमेदीच्या तरुण वादकांना व्यावसायिक वाद्यवृंदासाठी घडवणे हे तिचे कार्य होते. मुंबईत मात्र सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहण्यास २००६ साल उजाडले.