नामदेवांचा विठ्ठल खरा किती?



विटेवर उभा, कटीवर हात. अभंगांत देव असा भेटतो. पण तो खरंच तसा आहे, की ही आपल्या समजुतीसाठी केलेली सोय? रावेतहून हिंजवडीला जाताना ट्रॅफिकमध्ये हा प्रश्न मला बऱ्याचदा गाठतो. आज त्यासाठी संत नामदेवांकडे जाऊ.

जन्म १२७० चा, घर शिंप्याचं. वडील दामाशेटी, आई गोणाई. देव जेवल्याशिवाय हटणार नाही म्हणून नैवेद्याचं ताट घेऊन बसलेला छोटा नामा आपल्याला माहीत आहेच. त्याचा विठ्ठल बोलायचा, रुसायचा, जेवायचा. शंकेला जागाच नव्हती.

पुढे संतमंडळी जमली असताना गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं, आणि नामदेव कच्चं मडकं ठरले. दुखावलेले नामदेव गाऱ्हाणं घेऊन विठ्ठलाकडे गेले. परंपरा सांगते, विठ्ठलानंच त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलं. औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा चक्क पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! नामदेव चिडले, तर विसोबांनी पिंड नसेल तिथे पाय उचलून ठेवायला सांगितलं. पाय जिथे ठेवावेत, तिथे पिंड.

मला इथे एक गोष्ट फार मोठी वाटते. रूपाच्या पलीकडे बघायला नामदेवांना रूपानंच पाठवलं. मूर्ती खोटी असती, तर तिनं हा रस्ता दाखवला असता का?

आता तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, देव सगळीकडे आहे ना, मग पंढरपूर कशाला? नामदेवांनी तसं केलं नाही. १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. नंतर नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. त्यांत चराचरात भरलेल्या देवाचं वर्णन आहे, आणि त्याच पदांत त्याला बीठल अशी हाकही आहे. निराकार कळला, तरी नाव सुटलं नाही. १३५० मध्ये त्यांनी समाधी घेतली ती पंढरपूरला, महाद्वाराच्या पायरीशी, असं वारकरी मानतात.

गेल्या वर्षी आई आयसीयूत होती. बाहेरच्या बाकड्यावर मी मोबाईलमधला विठ्ठलाचा फोटो बघत बसायचो. मनात यायचं, मी नक्की कोणाशी बोलतोय? आता आई गावी असते, रोज व्हिडिओ कॉल होतो. स्क्रीनवर असतात ते पिक्सेल. आई त्या चौकटीत मावत नाही, पण बोलणं आईशीच होतं. नामदेवांचं चरित्र मला इथवर घेऊन येतं. रूप म्हणजे पूर्ण देव नव्हे, पण रूपाला मारलेली हाक देवालाच पोचते.

आज देवापुढे दिवा लावाल, तेव्हा मूर्तीकडे बघा. मग तेवढ्याच प्रेमानं घरातल्या माणसांकडेही बघा. उद्या भेटूच.

राम कृष्ण हरी!