इब्न नफीस: फुप्फुसातली रक्ताची वाट सांगणारे तबीब

रक्ताभिसरणाचा धडा आला की विल्यम हार्वे यांचं नाव आम्ही शिक्षक हमखास घेतो. त्यांचा ग्रंथ १६२८ चा. पण हृदयातून फुप्फुसात आणि फुप्फुसातून परत हृदयात जाणारी रक्ताची वाट त्याआधी जवळपास चारशे वर्षे एका अरब तबीबाने लिहून ठेवली होती, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. ते तबीब म्हणजे अलाउद्दीन इब्न नफीस.

त्यांचा जन्म दमास्कसजवळ, १२१० च्या सुमारास झाला. दमास्कसच्या नूरी रुग्णालयात नामवंत उस्ताद अद-दख्वार यांच्या हाताखाली ते वैद्यक शिकले. पुढे काहिराला गेले. तिथे रुग्ण तपासायचे आणि मदरशात शाफई फिकहही शिकवायचे. दीन आणि विज्ञान अशी फाळणी त्यांच्या आयुष्यात नव्हतीच.

त्या काळी वैद्यकात जालीनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलन, आणि इब्न सिना यांच्यापुढे कुणी बोलत नसे. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यातून रक्त पलीकडे झिरपतं, असं जालीनूस सांगून गेले होते. हजार वर्षे सगळे तेच शिकत आणि शिकवत आले.

इब्न नफीस यांनी १२४२ मध्ये इब्न सिनांच्या 'कानून'मधील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिलं. तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. त्यात त्यांनी स्पष्ट मांडलं की हा पडदा जाड आहे, त्याला दिसणारी वा न दिसणारी कसलीच छिद्रं नाहीत. रक्त उजव्या कप्प्यातून जाड भिंतीच्या नलिकेने फुप्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि पातळ भिंतीच्या नलिकेने डाव्या कप्प्यात येतं. एका नलिकेची भिंत जाड आणि दुसरीची पातळ का, याचाही त्यांनी विचार केला. जाड भिंतीतून रक्ताचा फक्त पातळ अंश झिरपावा आणि पातळ भिंतीने तो सहज आत घ्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. या दोन नलिकांमध्ये बारीक वाटा असल्या पाहिजेत, हेही त्यांनी लिहिलं.

तेव्हा सूक्ष्मदर्शक नव्हता. त्या वाटा, म्हणजे केशवाहिन्या, इटलीच्या मालपिघी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. आता तर त्या वाहिन्यांच्या पेशीही एकसारख्या नसतात हे कळलंय. फुप्फुसाच्या वायुकोशांभोवती त्यांचे दोन प्रकार असल्याचं २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं. एक प्रकार पातळ पसरून प्राणवायूची देवाणघेवाण करतो, तर दुसरा गरज पडली की नव्या पेशी तयार करून दुरुस्ती करतो.

बरं, अभिमान बाळगताना खरं तेच सांगावं. संपूर्ण शरीरातलं रक्ताभिसरण इब्न नफीस यांनी सांगितलं नाही, ते हार्वे यांचं काम. दोघांचं श्रेय ज्याचं त्याला द्यावं.

वैद्यकाचा ३०० खंडांचा ग्रंथ लिहायचा त्यांचा इरादा होता. त्यातले ८० पूर्ण झाले. शेवटच्या आजारात तबीबांनी औषध म्हणून दारू सुचवली, ती त्यांनी नाकारली असं चरित्रकार सांगतात. १७ डिसेंबर १२८८ रोजी काहिरात त्यांचा इंतकाल झाला. घर आणि किताबखाना ते मन्सूरी रुग्णालयाला देऊन गेले.

पुढे त्यांचा हा शोध विस्मरणात गेला. १९२४ मध्ये जर्मनीत शिकणारे इजिप्तचे डॉक्टर मुहीउद्दीन तातावी यांनी बर्लिनच्या ग्रंथालयातली हस्तलिखित प्रत वाचली, तेव्हा कुठे जगाला हे कळलं. किताब होती, पण उघडून वाचणारा नव्हता. आम्हाला हीच गोष्ट जास्त बोचते.

इब्न नफीस यांना इब्न सिनांबद्दल मोठा आदर होता, तरी जे पटलं नाही ते त्यांनी लिहिलं. उद्या वर्गात एखाद्या मुलाने पुस्तकातल्या वाक्यावर शंका काढली, तर त्याला खाली बसवण्याआधी आपण त्याचं म्हणणं एकदा ऐकून घेऊ.