डॉक्टर कोर्चाक आणि त्यांचीं मुलें

पोटांत दुखूं लागलें तर मूल रडून सांगतें. मनांत दुखूं लागलें तर बहुधा गप्प बसतें. असलें मौन ओळखण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या डॉ. यानुश कोर्चाक यांची ओळख आम्ही आज आमच्या वाचकांस करून देत आहों.

पोलंड देशांतील वॉर्सा शहरीं एका ज्यू कुटुंबांत ते जन्मले. मूळचें नांव हेन्रिक गोल्डश्मिट. वडील वकील होते. परंतु त्यांस मनाचा विकार जडला व १८९६ सालीं ते वारले. हेन्रिक शिकवण्या करून घरास हातभार लावूं लागला. दुःखी मुलाचें मन त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १९०५ सालीं ते डॉक्टर झाले व मुलांच्या रुग्णालयांत राहिले. पुढें १९१२ सालीं ज्यू अनाथ मुलांचें एक गृह निघालें. स्तेफानिया विल्चिन्स्का या बाईंच्या साह्यानें तें त्यांनीं तीस वर्षें चालविलें.

या गृहांत एक टपालपेटी होती. ज्यास तोंडानें बोलण्याचा धीर होत नसे, त्यानें आपलें गाऱ्हाणें लिहून तींत टाकावें. लिहावयाचें म्हणजे थोडें थांबावें लागे, विचार करावा लागे. नवीन आलेलें मूल तीन महिने एखाद्या मोठ्या मुलाच्या हवालीं असे, म्हणजे पहिल्या दिवसांत त्यास एकटें वाटूं नये.

शिवाय मुलांचें एक न्यायालय होतें. न्यायाधीश मुलेंच, चिठ्ठ्या टाकून निवडलेलीं. त्याच्या कायद्यांतील पहिलीं नव्व्याण्णव कलमें अपराध्यास सोडून देण्याचीं किंवा क्षमा करण्याचीं होतीं. आम्हां शिक्षकांस अधिक बोंचते ती गोष्ट निराळीच: सहा महिन्यांत पांच वेळां डॉक्टरांनीं स्वतःवरच फिर्याद केली. एका मुलास मारलें म्हणून, एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून! मोठ्या माणसाकडून अन्याय झाला तर मुलानें दाद कोठें मागावी, या प्रश्नास आमच्यापैकीं किती जणांनीं असें उत्तर दिलें असतें?

१९४० सालीं जर्मन अंमलानें वॉर्सांतील ज्यूंस भिंतीआड कोंडलें. अनाथगृहही तेथें न्यावें लागलें. अन्न मिळेना. वृद्ध डॉक्टर मुलांसाठीं दारोदार मागत हिंडत. १८ जुलै १९४२ रोजीं मुलांनीं रवींद्रनाथ ठाकुरांचें 'डाकघर' हें नाटक केलें. खोलींत कोंडलेला एक आजारी मुलगा राजाच्या पत्राची वाट पाहत असतो, अशी त्याची कथा आहे.

ऑगस्टच्या आरंभीं सैनिक दारांत आले. डॉक्टरांस भिंतीबाहेर काढण्याची तयारी त्यांच्या स्नेह्यांनीं पूर्वींच दाखविली होती. ते गेले नव्हते. सुमारें दोनशें मुलें रांगेनें आगगाडीकडे निघालीं. डॉक्टर व स्तेफानियाबाई त्यांच्यासंगें चालत होतीं. गाडी त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गेली. त्यांतून कोणीही परत आलें नाहीं.