जहाजाच्या डोलकाठीला 'अर्थिंग' देणारा डॉक्टर : विल्यम स्नो हॅरिस

केबल एका ठरावीक कोनात धरली तरच फोन चार्ज होतो, हा वैताग तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. चार्जर ठीक, केबल ठीक, गडबड फक्त जोडात. आज मी ज्यांच्याबद्दल लिहितोय, त्यांनी असाच जोडाचा प्रश्न सोडवण्यात अर्धं आयुष्य घालवलं. तिथे मात्र खलाशांचे जीव पणाला लागले होते.

विल्यम स्नो हॅरिस यांचा जन्म 1791 मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ या बंदराच्या गावी झाला. एडिंबरोला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते गावात डॉक्टरकी करू लागले. डोक्यात मात्र सतत वीज! 1824 मध्ये लग्न झालं आणि त्यांनी दवाखाना सोडून विजेच्या अभ्यासाला वाहून घेतलं.

अडचण काय होती?

तेव्हाच्या जहाजांच्या डोलकाठ्या लाकडी असायच्या. वीज पडली की लाकडातल्या ओलाव्याची क्षणात वाफ व्हायची आणि काठी फुटायची. माणसं मरायची, आग लागायची. उपाय म्हणून तांब्याची साखळी असायची, पण ती वादळ आलं की वर चढवायची. ऐन वादळात ते करणार कोण? बरेचदा साखळी पेटीतच राहायची. शिवाय साखळीत कड्या असतात आणि प्रत्येक कडी म्हणजे एक कच्चा जोड.

हॅरिस यांनी 1820 च्या सुमारास वेगळा मार्ग काढला. तांब्याच्या पट्ट्या डोलकाठीतच कायमच्या बसवायच्या, त्याही दोन थरांत. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या अखंड भागाखाली येईल अशा. काठीचे वरचे भाग खाली-वर सरकवले तरी पट्टीला पट्टी टेकलेली राहायची. तळाशी ही वाट जहाजाच्या कण्यातून थेट समुद्रात उतरायची. कुणी काही जोडायला विसरण्याचा प्रश्नच नाही.

आरमाराला हे लगेच पटलं नाही. अशा पट्ट्या विजेला उलट ओढून आणतील, अशी अनेकांना भीती होती. तरी काही जहाजांवर चाचणी झाली. त्यातलं एक होतं 1831 मध्ये निघालेलं बीगल, ज्यावर तरुण चार्ल्स डार्विन होता. त्या प्रवासात विजेने बीगलचं काही बिघडलं नाही. हॅरिस स्वतः वीज पडलेल्या जहाजांच्या नोंदी वर्षानुवर्षं गोळा करून आरमारापुढे ठेवत राहिले. लोक त्यांना 'थंडर अँड लायटनिंग हॅरिस' म्हणू लागले. 1835 मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं. रशियाच्या आरमाराने त्यांची पद्धत ब्रिटिशांच्याही आधी स्वीकारली. अखेर घरचं आरमारही तयार झालं आणि 1847 मध्ये ते 'सर' झाले. 1867 मध्ये प्लिमथलाच त्यांचं निधन झालं.

आजच्या डोलकाठीत काय?

आजच्या शिडाच्या बोटींची काठी बहुधा ॲल्युमिनियमची असते. तिच्यातून दिव्याची आणि रेडिओच्या अँटेनाची वायर जाते आणि काठीच्या पायाशी कनेक्टर असतो. जुन्या बोटीत सगळ्यात आधी तोच कुजतो. खारं पाणी आत शिरतं, तांबं हिरवं-काळं पडतं आणि रात्री समुद्रात टोकावरचा दिवा मंद होतो. मग दुसऱ्या जहाजाला तुमची बोट दिसणार कशी?

इथे एक गंमत सांगतो. मल्टिमीटरची 'बीप' ऐकून लोक जोड चांगला आहे असं समजतात. पण वायरची एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजते! म्हणून दिवा चालू ठेवून बॅटरीपाशी आणि दिव्यापाशी व्होल्टेज मोजायचं. मोठा फरक आला तर वाटेत कुठेतरी वीज अडतेय, आणि पहिला संशय कनेक्टरवर घ्यायचा.

दुरुस्तीच्या वेळी आधी बॅटरी सोडवा. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापा. नवीन वायर कल्हई केलेली घ्या, योग्य पकडीने टर्मिनल दाबा आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. कनेक्टरच्या आधी वायरला खाली झुकणारा झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

मला हॅरिस यांचं मोठेपण इथे दिसतं : तांबं सगळ्यांकडे होतं, पण त्यांनी लक्ष दिलं ते सांध्यांकडे. तुमचं एखादं उपकरण बंद पडलं, तर नवीन घेण्याआधी त्याचे जोड तपासा.